शेतजमीन खरेदीची परवानगी मिळाली, पण ती परत काढून घेता येते का? मराठवाड्यातल्या नव्या खरेदीदारासाठी

परवानगीचा कागद हातात पडला की माणूस निर्धास्त होतो. इसाराची उरलेली रक्कम देतो, खरेदीखत करतो, विहीर कुठे घ्यायची याचा विचार सुरू होतो. मग एखाद्या दिवशी तहसीलमधून नोटीस येते : ‘आपणास दिलेली परवानगी रद्द का करण्यात येऊ नये, याचा खुलासा सात दिवसांत सादर करावा.’ घरात सगळ्यांच्या पोटात गोळा येतो. ज्यांनी दिली त्यांनाच ती परत घेता येते का?

थोडक्यात उत्तर असं : येते, पण अधिकाऱ्याच्या मनात आलं एवढ्यावर येत नाही. परवानगी खोट्या माहितीवर घेतली असेल, तिच्यातली अट मोडली असेल, देणाऱ्याला ती देण्याचा अधिकारच नसेल, किंवा वरिष्ठ प्राधिकाऱ्याने अपिलात वा पुनरीक्षणात ती चुकीची ठरवली असेल, तरच ती जाऊ शकते. यातली पहिली दोन कारणं बऱ्याच अंशी खरेदीदाराच्या हातात असतात. म्हणून हा लेख नोटीस आल्यावर काय करायचं एवढ्यापुरता नाही. नोटीस येण्याचं कारणच उरू नये म्हणून अर्ज करण्याआधीपासून काय पाहायचं, हे त्यात जास्त आहे.

आधी कायदा कोणता ते पाहा

पुण्याच्या किंवा नाशिकच्या माणसाने दिलेला सल्ला मराठवाड्यात जसाच्या तसा चालत नाही. महाराष्ट्रात कूळ कायदे तीन आहेत. पश्चिम महाराष्ट्र आणि कोकणासाठी 1948 चा, विदर्भासाठी 1958 चा, आणि आपल्या आठ जिल्ह्यांसाठी हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, 1950. निजामाचं राज्य 1948 च्या सप्टेंबरात संपलं, 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, 1960 मध्ये महाराष्ट्र झाला, पण जमिनीचा हा कायदा इथे तसाच चालत राहिला.

इंटरनेटवर सगळीकडे ‘कलम 63’ वाचायला मिळतं. ते पुण्या-मुंबईकडचं आहे. शेतकरी नसलेल्या माणसाने जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेऊ नये, हे आपल्याकडे कलम 47 मध्ये आहे. कुळाला मालकी हक्काने मिळालेली जमीन विकण्यावरचं बंधन तिकडे कलम 43, आपल्याकडे कलम 50-ख. अर्जात चुकीचा कायदा लिहिला, आणि आदेशातही तोच उतरला, तर पुढे हरकत घेणाऱ्याला आयता मुद्दा मिळतो. अर्ज लिहून देणाऱ्याकडून ‘हैदराबाद’ हा शब्द आणि कलम दोन्ही नीट लिहून घ्या.

तुम्हाला परवानगी लागते का, आणि कशासाठी?

इथे नव्या माणसाची सर्वात जास्त गल्लत होते. परवानगी दोन वेगळ्या कारणांनी लागते. एक कारण घेणाऱ्यात असतं, दुसरं जमिनीत.

घेणारा शेतकरी नसेल तर कलम 47 ची परवानगी. शेतकरी असेल तर ती लागत नाही, पण शेतकरी असल्याचा पुरावा लागतो : स्वतःच्या नावचा सातबारा आणि 8-अ, किंवा वडिलोपार्जित जमिनीचा सातबारा आणि नातं दाखवणारी वंशावळ, गरज पडल्यास तहसीलचा शेतकरी असल्याचा दाखला.

दुसरं कारण जमिनीतलं. घेणारा सात पिढ्यांचा शेतकरी असला तरी जमीन भोगवटादार वर्ग 2 ची, म्हणजे विकण्यावर सरकारी बंधन असलेली असेल, तर सक्षम प्राधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय व्यवहार होत नाही. सिलिंगमध्ये (कमाल जमीन धारणेच्या कायद्यात) निघून भूमिहीनाला वाटलेली जमीन, सरकारने लागवडीसाठी दिलेली जमीन, धरणग्रस्ताला पर्यायी म्हणून मिळालेली जमीन, इनामी जमीन या सगळ्या यात येतात. जायकवाडीसारख्या प्रकल्पांमुळे पैठणपासून खाली परभणीपर्यंत पुनर्वसनाच्या जमिनी आणि लाभक्षेत्रातली बंधनं ठिकठिकाणी भेटतात. सातबाऱ्याच्या इतर हक्कात ‘पुनर्वसनासाठी राखीव’ किंवा ‘हस्तांतरणास बंदी’ असा शेरा दिसला तर विक्रेता काहीही सांगो, तिथे थांबा.

एकाच व्यवहारात दोन्ही कारणं असू शकतात. समजा उदगीरच्या एका दुकानदाराला, ज्याच्या घराण्यात शेती नाही, सिलिंगमधली दोन एकर घ्यायची आहे. त्याला घेणारा म्हणून एक परवानगी लागते आणि जमिनीसाठी दुसरी. त्याने एकच काढली, तर कागद खरा असूनही व्यवहार कच्चा राहतो, आणि पुढे ‘परवानगी रद्द झाली’ असं जे ऐकू येतं त्यात पुष्कळदा ही न काढलेली दुसरी परवानगी असते.

कुळाच्या जमिनीबाबत मात्र 2014 पासून मोठी मोकळीक आहे. कुळाला मालकी मिळून दहा वर्षं झाली असतील, तर आकारणीच्या (सातबाऱ्यावरच्या शेतसाऱ्याच्या) 40 पट नजराणा, म्हणजे सरकारला द्यायची रक्कम, भरून ती विकता येते, जिल्हाधिकाऱ्यांच्या वेगळ्या परवानगीची गरज राहत नाही. सातबाऱ्यावर आकार 4 रुपये 50 पैसे असेल तर नजराणा होतो 180 रुपये. एवढ्या रकमेसाठी पुष्कळ व्यवहार पूर्वी वर्षानुवर्षं अडकलेले होते, आणि अजूनही काही ठिकाणी मध्यस्थ याच कामाचे हजारो रुपये मागतात. देऊ नका. चलन तुमच्या डोळ्यांसमोर भरा आणि त्याची प्रत घ्या. घेणारा शेतकरी असला पाहिजे, त्याची एकूण जमीन कमाल धारणेत बसली पाहिजे (कोरडवाहूला 54 एकर, बारमाही बागायतीला 18 एकर) आणि तुकडा (ठरलेल्या प्रमाणापेक्षा लहान क्षेत्र) पडता कामा नये, या अटी मात्र कायम आहेत. तुकड्याचं प्रमाण 2023 च्या अधिसूचनेने जिरायतीला 20 गुंठे आणि बागायतीला 10 गुंठे केलेलं आहे.

जुनं रेकॉर्ड : इथे घाई करू नका

मराठवाड्यात फक्त आजचा सातबारा पाहून जमीन घेणं धोक्याचं आहे. संगणकीकृत सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग 1’ लिहिलेलं असतं, आणि मागचे फेरफार (हक्कातल्या बदलांच्या नोंदी) उलगडत गेलं की 1960 च्या दशकातली कुळाची नोंद किंवा त्याहून जुनं इनाम बाहेर येतं. वर्ग 2 चा शेरा संगणकावर चढवताना सुटला असेल, किंवा कोणी तरी तो उडवला असेल. शेरा नसल्याने जमिनीचा मूळ प्रकार बदलत नाही. हे पुढे उघड झालं तर परवानगी, फेरफार, बँकेचा बोजा सगळंच चौकशीत येतं.

म्हणून तहसीलच्या अभिलेख कक्षातून खासरा पत्रक आणि पाहणी पत्रक (जमिनीची जुनी सरकारी नोंदपत्रकं) काढा. 1954-55 च्या खासऱ्यात जमीन कोणाच्या नावावर आणि कोणत्या प्रकारची होती, हे पाहा. तिथून आजपर्यंतचे सगळे फेरफार क्रमाने लावा. एखादा फेरफार ‘सापडत नाही’ असं सांगितलं गेलं तर तो न मिळाल्याचं लेखी मागा. जुने कागद उर्दूत किंवा मोडीत असतील तर ते वाचणारा जाणकार गाठा. त्याला दिलेले हजार-दोन हजार रुपये या सगळ्या व्यवहारातला सर्वात सार्थकी लागलेला खर्च ठरतो.

इनामाचे दोन प्रकार इथे ओळखता आलेच पाहिजेत. मदतमाश म्हणजे एखाद्या व्यक्तीला किंवा घराण्याला निर्वाहासाठी दिलेली जमीन. खिदमतमाश म्हणजे मंदिर, मशीद, दर्गा यांच्या सेवेसाठी दिलेली. दोन्ही 1954 च्या हैदराबाद इनामे रद्द करण्याच्या कायद्याच्या चौकटीत पाहिल्या जातात, पण त्यांचं पुढचं भवितव्य सारखं नाही. मदतमाश जमिनींवरचे विनापरवानगी व्यवहार नियमित करण्यासाठी आधी 50 टक्के नजराणा होता, तो 5 टक्क्यांवर आणण्याचा निर्णय राज्य सरकारने घेतला आणि बीड, धाराशिवकडच्या अनेक कुटुंबांना त्याने मोठा दिलासा मिळाला. सेवेच्या जमिनीचं तसं नाही. तिथे देवस्थानाचा किंवा वक्फचा हक्क येतो, आणि वक्फ मिळकत असेल तर तिची विक्री कायद्यानेच निरर्थक आहे. कोणी खिदमतमाश जमीन ‘परवानगीसह’ स्वस्तात देत असेल, तर माझं स्पष्ट मत आहे : नव्या माणसाने तिच्या वाटेला जाऊ नये.

किनवट आणि माहूरकडे जमीन पाहणाऱ्यांसाठी एक गोष्ट वेगळी. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला घ्यायची तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 36-अ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि विक्रीसाठी ती देण्याआधी जिल्हाधिकाऱ्यांना राज्य शासनाची पूर्वमान्यता घ्यावी लागते. शासनाच्या मान्यतेचा उल्लेख नसलेला आदेश कितीही शिक्क्यांचा असला तरी टिकत नाही. देणाऱ्याला अधिकार नसणं म्हणजे काय, याचं हे सर्वात स्वच्छ उदाहरण आहे. असा आदेश रद्द झाला तर ‘मी तर परवानगी घेतली होती’ हे म्हणणं कामाला येत नाही.

अर्जात खरं लिहा, सगळं लिहा

परवानगी रद्द होण्याचं सगळ्यात पक्कं कारण म्हणजे अर्जातली खोटी किंवा दडवलेली माहिती. दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर नाव चढवून काढलेला शेतकरी दाखला, वंशावळीत घुसवलेला मुलगा, जमिनीवर कोर्टात दावा चालू असताना ‘कोणताही वाद नाही’ असं लिहिलेलं शपथपत्र. यावर मिळालेली परवानगी पाच वर्षांनी उघडी पडली तरी ती वाचवणं फार अवघड. फसवणुकीने मिळवलेला आदेश टिकत नाही, हे न्यायालयांनी पुन्हा पुन्हा सांगितलेलं आहे. शेंद्रा-बिडकीन आणि समृद्धी महामार्गाच्या आसपास भाव वाढल्यापासून असे दाखले ‘करून देणारे’ लोक सगळीकडे भेटतात. ते दाखला देऊन निघून जातात, नोटीस मात्र तुमच्या नावाने येते.

अर्जात या गोष्टी आपणहून सांगा : जमिनीवर दावा, बोजा, कुळाची नोंद किंवा वाटणीचा वाद आहे का, विक्रेत्याच्या बहिणींची नावं सातबाऱ्यावर आहेत का, तुम्ही जमीन कशासाठी घेताय. अडचणीची गोष्ट तुम्ही स्वतः सांगितली आणि तरी अधिकाऱ्याने परवानगी दिली, तर पुढे ‘माहिती दडवली’ हा आरोप तुमच्यावर बसत नाही. नोटीस आली तर हाच तुमचा सर्वात भक्कम बचाव असतो. अर्जाची, जोडलेल्या प्रत्येक कागदाची आणि आवक शिक्क्याची पूर्ण प्रत घरात ठेवा. कार्यालयातली फाईल गहाळ होते तेव्हा तुमचीच फाईल उभी राहते.

आदेश हातात आल्यावर

शांतपणे बसून वाचा. आदेश क्रमांक, दिनांक, सही करणाऱ्याचं पदनाम, कायदा आणि कलम, गट नंबर, क्षेत्र, घेणाऱ्याचं आणि देणाऱ्याचं नाव. गट नंबर किंवा क्षेत्र चुकलं असेल तर खरेदीखताआधी शुद्धिपत्रक घ्या. नंतर हीच चूक कोणी तरी ‘दुसऱ्याच जमिनीची परवानगी’ म्हणून वापरतो.

मग अटी. त्या सहसा शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात, एकापाठोपाठ एक असतात, आणि परवानगीचं आयुष्य तिथेच ठरतं. अमुक मुदतीत खरेदीखत करावं, जमीन स्वतः कसावी, परवानगीशिवाय पुढे विकू नये, बिगरशेती वापर करू नये, किंवा उलट, ज्या कामासाठी घेतली त्या कामाला अमुक वर्षांत लावावी. शर्तभंग झाला तर परवानगी आपोआप रद्द समजली जाईल, असं वाक्यही असतं. प्रत्येक अटीपुढे कॅलेंडरमधली तारीख लिहून ठेवा. मुदत पुरणार नसेल तर ती संपण्याआधी मुदतवाढीचा अर्ज द्या. मुदत संपल्यावर दिलेल्या अर्जाला फारसं वजन नसतं.

परवानगी मिळेपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका. इसारपावतीत स्पष्ट लिहून घ्या की परवानगी न मिळाल्यास किंवा विक्रेत्याने दडवलेल्या कारणाने ती रद्द झाल्यास इसार इतक्या दिवसांत परत करायचा. हेच कलम खरेदीखतातही हवं, हमीसह. विक्रेता ओळखीचा आहे, पाहुणा आहे म्हणून अनेकजण हे लिहून घ्यायला संकोचतात. नातं टिकवायचं असेल तर उलट हे लिहिलेलंच बरं.

खरेदीखतात परवानगीचा क्रमांक आणि तारीख घाला. दस्तावर सह्या झाल्यापासून चार महिन्यांच्या आत तो नोंदणीसाठी दिला पाहिजे. नोंदणीनंतर फेरफार पडतो, हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस असतात, आणि मंडळ अधिकारी, ज्यांना गावातली जुनी माणसं अजून गिरदावर म्हणतात, नोंद प्रमाणित करतात. हरकत आली तर ती सुनावणीने ठरते. फेरफार मंजूर होऊन सातबारा तुमच्या नावाचा झाला की दर हंगामात ई-पीक पाहणी न चुकता करा. ‘जमीन स्वतः कसावी’ ही अट पाळल्याचा याहून सोपा पुरावा नाही : तुमच्या मोबाइलवरून, तुमच्या गटातून, पिकाचा फोटो, तारखेसह. शेतसाऱ्याच्या पावत्या, खताची आणि बियाण्याची बिलं, सोयाबीन आडत्याला दिल्याच्या पट्ट्या एका पिशवीत जपा.

तर मग, रद्द कोण करू शकतो?

हा भाग नीट समजून घ्या, कारण भीती दाखवणारे याच अज्ञानावर जगतात.

तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, परवानगी रद्द करू शकत नाहीत. मंडळ अधिकारीही नाही. ते अहवाल देतात. ‘साहेबांनी तुमची परवानगी रद्द केली’ हे तोंडी सांगणं म्हणजे आदेश नव्हे. सही, क्रमांक आणि कारणांसह लेखी आदेश येत नाही तोवर तुमची परवानगी उभी आहे.

ज्या अधिकाऱ्याने दिली, त्याला स्वतःच परत घेता येते का? स्वतःच्या न्यायिक स्वरूपाच्या आदेशाचा फेरविचार करण्याचा अधिकार कायद्याने दिलेला असावा लागतो, तो खुर्चीबरोबर आपोआप येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 1970 मध्येच सांगितलं आहे. महसूल संहितेखालच्या आदेशांसाठी हा अधिकार कलम 258 मध्ये आहे, पण बंधनांसह. आदेश फिरवण्याआधी ज्याच्यावर परिणाम होतो त्याला नोटीस देऊन ऐकून घेणं सक्तीचं आहे. अपील किंवा पुनरीक्षण चालू असेल तोवर फेरविचार करता येत नाही. आणि नव्याने आलेल्या जिल्हाधिकाऱ्यांना आधीच्या जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश, लेखनातली चूक सोडून, फेरविचारात घ्यायचा असेल तर आधी विभागीय आयुक्तांची मंजुरी घ्यावी लागते. जिल्हाधिकाऱ्यांच्या हाताखालच्या अधिकाऱ्याला आपल्या लगतच्या वरिष्ठाची मंजुरी लागते, मग आदेश त्याचा स्वतःचा असो वा आधीच्याचा. बदली होऊन नवे साहेब आले, एवढ्याने जुनी परवानगी पुसली जात नाही.

शर्तभंगाचं प्रकरण वेगळं. तिथे आदेशाचा फेरविचार होत नसतो, आदेशातलीच अट अमलात येत असते. म्हणून ‘फेरविचाराचा अधिकार नाही’ हा बचाव शर्तभंगाच्या नोटिशीला चालत नाही. अट पाळल्याचा पुरावाच द्यावा लागतो. नोटीस आल्यावर पहिलं काम म्हणजे ती या दोनपैकी कोणती आहे हे ओळखणं.

वरिष्ठांचा मार्ग तिसरा. कोणी अपील केलं, किंवा विभागीय आयुक्तांनी वा शासनाने स्वतःहून प्रकरण मागवलं, तर तपासणी होऊ शकते. पण त्यालाही काळाची मर्यादा आहे. इथे 1969 चा सर्वोच्च न्यायालयाचा राघव नाथा निकाल वकील आवर्जून दाखवतात. राजकोटजवळच्या जमिनीला जिल्हाधिकाऱ्यांनी बिगरशेतीची परवानगी दिली होती आणि आयुक्तांनी ती सव्वा वर्षाने रद्द केली. कलमात मुदत लिहिलेली नव्हती, तरी असा अधिकार वाजवी वेळेतच वापरला पाहिजे, परवानगी मिळालेला माणूस पुढे बांधकामाला लागतो, म्हणून आयुक्तांनी काही महिन्यांतच पाऊल उचलायला हवं होतं, असं न्यायालय म्हणालं. आदेशाला कारणं दिली नव्हती, हाही दोष धरला.

त्याहून जवळचा दाखला तेलंगणातला आहे, आणि तो आपल्या कामाचा आहे, कारण तिथला कूळ कायदाही आपल्यासारखाच 1950 च्या हैदराबाद कायद्यातून आलेला. 2003 मध्ये इब्राहिमपट्टणमच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे प्रश्न होता की तिथल्या कलमातले ‘केव्हाही’ हे शब्द जिल्हाधिकाऱ्यांना कितीही वर्षांनी जुनी प्रमाणपत्रं उघडण्याची मुभा देतात का. नाही, असं उत्तर मिळालं. ‘केव्हाही’ म्हणजे वाजवी वेळेत. मात्र त्याच निकालात दुसरी बाजूही आहे : फसवणूक झाली असेल तर वाजवी वेळ मोजायची ती फसवणूक उघडकीस आल्यापासून. म्हणजे प्रामाणिक खरेदीदाराला काळ वाचवतो, बनावट दाखल्यावर घेणाऱ्याला तो वाचवेलच असं नाही.

आणखी एक फरक लक्षात ठेवा. खरेदीखत होण्याआधी परवानगी थांबवणं अधिकाऱ्यांना तुलनेने सोपं असतं, कारण तोवर तुमचा जमिनीत हक्क निर्माण झालेला नसतो. नोंदणी आणि फेरफार झाल्यावर चित्र बदलतं. नोंदणीकृत खरेदीखत तहसीलदार आपल्या अधिकारात फाडून टाकू शकत नाहीत, ते रद्द करणं हे दिवाणी न्यायालयाचं काम. पण व्यवहारच कूळ कायद्याविरुद्ध झाल्याचं चौकशीत ठरलं तर तो अवैध घोषित होऊन जमीन शासनजमा होण्यापर्यंत गोष्ट जाऊ शकते. म्हणून ‘रजिस्ट्री झाली, आता कोण काय करतंय’ या भरवशावर राहू नका.

नोटीस आली तर

घाबरून मध्यस्थाकडे धावू नका, आणि नोटीस घ्यायला नकारही देऊ नका. नकार दिला तर ती दारावर चिकटवली जाते आणि प्रकरण एकतर्फी चालतं. घ्या, मिळाल्याची तारीख आपल्या हाताने लिहा, पाकीटही जपून ठेवा.

दुसऱ्याच दिवशी त्या कार्यालयात अर्ज द्या : नोटीस ज्या तक्रारीवर किंवा अहवालावर निघाली त्याच्या प्रती मिळाव्यात आणि त्या मिळेपर्यंत खुलाशासाठी मुदत मिळावी. पोच घ्या. प्रती मिळत नसतील तर माहिती अधिकारात अर्ज टाका. दहा रुपयांत तो होतो आणि तीस दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. फाईलमधल्या टिपण्यांच्या प्रती मागायला विसरू नका. परवानगी देताना कोणी काय लिहिलं होतं ते त्यातच सापडतं, आणि तेव्हा सगळं पाहून मंजुरी दिली होती हे दाखवायला त्याहून चांगला कागद मिळत नाही.

खुलासा मुद्द्यांवर लिहा. तक्रारदाराच्या हेतूवर दोन पानं खर्च करू नका. आधी विचारा की कारवाई कोणत्या कलमाखाली आहे आणि आवश्यक ती मंजुरी घेतली आहे का. मग प्रत्येक आरोपाला कागद जोडून उत्तर. मग परवानगीनंतर तुम्ही काय काय केलंत ते : खरेदी, विहीर, पाइपलाइन, कर्ज, पिकं, तारखांसह. वाजवी वेळेचा मुद्दा याच तारखांवर उभा राहतो. शेवटी लेखी विनंती करा की प्रत्यक्ष सुनावणी मिळावी.

सुनावणीला स्वतः जा. रोजनाम्यावर (सुनावणीच्या नोंदपत्रकावर) तुमची हजेरी आणि दिलेले कागद नोंदले गेले का ते पाहा, मगच सही करा. गावातून तालुक्याला यायचं म्हणजे दिवसाची मजुरी आणि एसटीचं भाडं जातं, तारखा पडत राहतात, हे खरं आहे. तरी एकही तारीख चुकवू नका.

आदेश विरोधात गेला तर त्याच दिवशी प्रमाणित प्रतीसाठी अर्ज करा. महसूल संहितेखालचा आदेश जिल्हाधिकाऱ्यांपेक्षा खालच्या अधिकाऱ्याचा असेल तर अपिलाला 60 दिवस, जिल्हाधिकारी किंवा त्याहून वरिष्ठांचा असेल तर 90 दिवस. नक्कल मिळवण्यात गेलेले दिवस त्यातून वगळले जातात, म्हणून नकलेच्या अर्जाची पावती जपा. तहसीलदारांविरुद्ध उपविभागीय अधिकाऱ्यांकडे, जिल्हाधिकाऱ्यांविरुद्ध छत्रपती संभाजीनगरला विभागीय आयुक्तांकडे. आदेश कूळ कायद्याखालचा असेल तर वाट बदलते आणि महसूल न्यायाधिकरणाकडे जाते. त्याचं पीठ संभाजीनगरलाच आहे. चुकीच्या दारात अपील केलं तर महिने वाया जातात, तेव्हा आदेशाच्या पहिल्या परिच्छेदातलं कलम वकिलाला दाखवूनच दार ठरवा.

अपिलाबरोबर स्थगितीचा अर्ज स्वतंत्रपणे द्या. नुसतं अपील दाखल झाल्याने मूळ आदेश थांबत नाही, आणि तेवढ्या काळात सातबाऱ्यावरचं तुमचं नाव कमी होऊ शकतं. स्थगिती मिळाली की तिची प्रत स्वतः नेऊन तहसील आणि सज्जा (तलाठ्याचं कार्यालय) दोन्हीकडे पोच घेऊन द्या, ती टपालाने पोहोचेल म्हणून थांबू नका. सुनावणी न देताच परवानगी रद्द केली असेल, किंवा अधिकारच नसलेल्याने केली असेल, तर उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात रिट याचिका करता येते. तिथे पहिला प्रश्न सहसा एवढाच असतो की या माणसाला ऐकून घेतलं होतं का, म्हणून मुदतीच्या आणि सुनावणीच्या तुमच्या प्रत्येक अर्जाची पोच तिथे मोलाची ठरते.

परवानगी विक्रेत्याने दडवलेल्या गोष्टीमुळे गेली असेल तर महसूल कार्यालयातली लढाई आणि पैशाची वसुली ही दोन कामं वेगळी आहेत. इसारपावतीतल्या आणि खरेदीखतातल्या हमीच्या आधारे विक्रेत्याला वकिलामार्फत नोटीस द्या आणि दिवाणी दाव्याची मुदत लक्षात ठेवा. अपिलाचा निकाल लागेपर्यंत त्या दाव्यासाठी थांबायचं का, हे वकिलाला पहिल्याच भेटीत विचारून घ्या.